हॉवर्थचे पाळक : पॅट्रिक ब्राँटे



स्मृतिव्याख्यानांत बहुधा ज्यांचे पुतळे उभे राहिले अशा माणसांविषयी बोललं जातं. आज मी एका गावपाद्र्याविषयी बोलणार आहे. त्यांचं नाव रेव्हरंड पॅट्रिक ब्राँटे. इंग्लंडच्या उत्तरेला, यॉर्कशायरमध्ये, डोंगरउतारावर हॉवर्थ नावाचं गाव आहे. तिथल्या चर्चचे ते १८२० पासून १८६१ पर्यंत पाळक होते. एकेचाळीस वर्षं त्यांनी त्या गावातल्या पोरांना बाप्तिस्मे दिले, जोडप्यांची लग्नं लावली आणि माणसं पुरली. पुरली जास्त.

त्यांचं नाव तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं नसेल. त्यांच्या मुलींची नावं मात्र ऐकली असतील. 'जेन एअर' लिहिणारी शार्लट, 'वुदरिंग हाइट्स' लिहिणारी एमिली आणि 'द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल' लिहिणारी ॲन या तिघी त्यांच्या लेकी. आपल्याकडे इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए. झालेल्या कितीतरी पिढ्यांनी या कादंबऱ्या वाचल्या, त्यांवर नोट्स काढल्या. त्या नोट्समध्ये वडिलांविषयी दोन-तीन ओळी असत. तिरसट म्हातारा, एकटाच जेवायचा, मुलांना मटण देत नसे, राग आला की पिस्तूल झाडायचा. मीही हेच वाचत मोठा झालो. पुढे त्यांची पत्रं, वर्तमानपत्रांना धाडलेले त्यांचे मजकूर आणि गावासाठी केलेल्या अर्जांची हकिकत वाचली, आणि या माणसावर मोठा अन्याय झाला आहे अशी माझी खात्री पटली. मला आज एवढंच मांडायचं आहे की हा गृहस्थ घरात आणि गावात एकाच रीतीने वागला. समोर चार वर्षांची पोर असो की लोकर विंचरणारा मजूर, त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं आणि त्याच्या जिवाची काळजी वाहायची. त्यांचा उपदेश आणि त्यांचा संसार या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या.

जन्म १७ मार्च १७७७ चा, आयर्लंडच्या काउंटी डाउनमधला. दहा भावंडांत हे थोरले. वडील शेतमजूर, आडनाव ब्रंटी. मुलाने लोहाराकडे उमेदवारी केली, मागावर बसला आणि सोळाव्या वर्षी शाळामास्तर झाला. थॉमस टाय नावाच्या पाद्र्याने आपल्या मुलांना शिकवायला त्याला ठेवून घेतलं आणि त्याची बुद्धी पाहून पुढची वाट दाखवली. १८०२ मध्ये पॅट्रिक केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले. गरीब विद्यार्थ्यांना फीमध्ये सवलत मिळे, त्या वर्गात. ब्रंटीचं ब्राँटे याच सुमारास झालं.

इथे आपल्या देशाशी एक धागा जुळतो. त्याच कॉलेजात हेन्री मार्टिन नावाचे फेलो होते. पॅट्रिकची ओढाताण पाहून त्यांनी १८०४ मध्ये विल्बरफोर्स यांना पत्र घातलं. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पार्लमेंटात लढणारे तेच हे विल्बरफोर्स. त्यांनी आणि हेन्री थॉर्नटन यांनी या आयरिश मुलाला वर्षाला प्रत्येकी दहा पौंड द्यायचं कबूल केलं. पुढे मार्टिन हिंदुस्थानात आले, दानापूर आणि कानपूरला राहिले, नव्या कराराचं हिंदुस्थानी भाषेत भाषांतर केलं आणि १८१२ मध्ये परतीच्या वाटेवर तुर्कस्तानात तोकात इथे वारले. 'जेन एअर'मध्ये सेंट जॉन रिव्हर्स नावाचा पाद्री हिंदुस्थानात धर्मकार्याला निघालेला आहे आणि तो जेनला हिंदुस्थानी शिकायला लावतो. या पात्रामागे मार्टिन असावेत असं पुष्कळ अभ्यासक मानतात. मला ते पटतं. वडिलांची फी भरायला धावून आलेल्या माणसाची गोष्ट त्या घरात निघाली नसेल, असं होणं कठीण आहे.

१८१२ मध्ये त्यांचं लग्न झालं. मुलगी पेन्झान्सची, म्हणजे पार नैर्ऋत्येच्या टोकाची. नाव मराया ब्रॅनवेल. लग्नाआधी तिने त्यांना लिहिलेली काही पत्रं शिल्लक आहेत. त्यांत ती या पाद्रीबुवांची मनसोक्त थट्टा करते. पुस्तकं आणि कपडे भरलेली तिची पेटी समुद्रमार्गे येताना जहाज फुटून बुडाली, तेही ती हसतच कळवते. तिरसट माणसाला कोणी अशी पत्रं लिहीत नाही. ही पत्रं पॅट्रिक यांनी जपून ठेवली आणि १८५० मध्ये शार्लटच्या हातात दिली. आई गेली तेव्हा शार्लट पाच वर्षांची होती. आई कशी बोलायची, कशी विचार करायची, हे तिला चौतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर बापाने जपलेल्या कागदांतून कळलं.

सात वर्षांत सहा मुलं झाली. मराया, एलिझाबेथ, शार्लट, ब्रॅनवेल, एमिली, ॲन. धाकटी काही महिन्यांची असताना कुटुंब हॉवर्थला आलं. ही नेमणूकही सरळ झाली नव्हती. पाळक नेमायचा हक्क ब्रॅडफर्डच्या धर्माधिकाऱ्यांचा की गावातल्या विश्वस्तांचा, यावरून वाद पेटला होता. आपल्याला न विचारता पाठवलेला पाळक नको म्हणून गाव अडून बसलं. पॅट्रिक यांनी ते पाहिलं आणि स्वतःहून माघार घेतली. त्यांच्या जागी दुसऱ्या पाद्र्याला पाठवलं, तर लोक उपासना चालू असताना लाकडी तळव्यांचे बूट खडखडवत उठून गेले. पुढच्या रविवारी एक जण गाढवावर उलटा बसून, डोक्यावर टोप्यांची चळत रचून चर्चमध्ये घुसला, असं शार्लटच्या चरित्रकार एलिझाबेथ गॅस्केल यांनी नोंदवलं आहे. शेवटी दोन्ही बाजूंनी मिळून पॅट्रिक यांचं नाव ठरवलं. गावाला न विचारता गावाच्या डोक्यावर बसायचं नाही, ही गोष्ट त्यांना आधीच उमगली होती. पुढची एकेचाळीस वर्षं ते तिथे टिकले, त्याचं कारण मला यातच दिसतं.

हॉवर्थमध्ये पाऊल ठेवून वर्ष व्हायच्या आत बायकोने अंथरूण धरलं. पोटाचा कर्करोग असावा. साडेसात-आठ महिने ती झिजत होती. दिवसा परिचारिका असे, रात्री पॅट्रिक स्वतः उशाशी बसत. त्याच काळात सहाही मुलं एकदम आजारी पडली. स्कार्लेट फीवर, त्या काळी पोरं पटापट नेणारा ताप. बायको मरणाच्या दारात, सहा पोरं तापाने फणफणलेली, नवखं गाव आणि रविवारी दोन वेळा प्रवचन. १८२१ च्या १५ सप्टेंबरला मराया गेली. वय अडतीस. नोव्हेंबरमध्ये त्यांनी एका स्नेह्याला लांब पत्र लिहून हे सगळं सांगितलं आहे. ते पत्र वाचल्यावर या माणसाला काळीज नव्हतं असं कोणाला म्हणवेल, मला समजत नाही.

पदरात सहा मुलं, थोरलं सात वर्षांचं. त्यांनी पुन्हा लग्न करायचा प्रयत्न केला आणि बायकांनी नकार दिला. सहा पोरांचा, बेताच्या पगाराचा विधुर कोण पत्करणार? राहतं घर चर्चचं. पाळक जिवंत आहे तोवर घर. उद्या यांचे डोळे मिटले तर मुलं रस्त्यावर. मुलींना शिकवून पायावर उभं करण्याची त्यांची धडपड या एका भीतीतून समजून घ्यावी लागते. बायकोची बहीण पेन्झान्सहून आली ती मुलांसाठी तिथेच राहिली आणि हॉवर्थमध्येच वारली.

शिक्षणाच्या याच धडपडीत त्यांच्या हातून मोठं नुकसान झालं. १८२४ मध्ये काउअन ब्रिज इथे गरीब पाद्र्यांच्या मुलींसाठी नवी शाळा निघाली होती. फी वर्षाला चौदा पौंड. चार मुली तिथे गेल्या. गारठा, निकृष्ट अन्न, कडक शिस्त. थोरली मराया फेब्रुवारी १८२५ मध्ये क्षयाने खंगून घरी आली आणि ६ मेला गेली. ती अकरा वर्षांची होती. ३१ मेला एलिझाबेथला घरी आणलं. तिची दशा पाहिली आणि दुसऱ्याच दिवशी पॅट्रिक शार्लटला आणि एमिलीला तिथून काढून घेऊन आले. एलिझाबेथ १५ जूनला गेली. 'जेन एअर'मधलं लोवुड म्हणजे हीच शाळा आणि हेलन बर्न्स म्हणजे मराया. बापाने शाळा निवडली, हे खरं. त्या शाळेला मोठमोठ्या प्रतिष्ठितांचा आश्रय होता, हेही खरं. आणि कळल्यावर त्यांनी एक दिवसही दवडला नाही.

आता त्या घरातला एक प्रसंग जरा जवळून पाहू. तो पॅट्रिक यांनीच १८५५ मध्ये गॅस्केलबाईंना पत्रातून कळवला. थोरली दहाएक वर्षांची आणि धाकटी चारच्या आसपास होती तेव्हाची गोष्ट. मुलांना बरंच काही कळतं पण ती संकोचतात, असं त्यांच्या ध्यानात आलं. घरात एक मुखवटा होता. त्यांनी एकेकाला उभं केलं आणि मुखवट्याआडून धीटपणे बोलायला सांगितलं. पहिला प्रश्न चिमुरड्या ॲनला. तुझ्यासारख्या मुलीला सगळ्यांत जास्त काय हवं? ती म्हणाली, वय आणि अनुभव. एमिलीला विचारलं, तुझा भाऊ कधी कधी व्रात्यपणा करतो, त्याचं मी काय करू? समजावून सांगा, ऐकलं नाही तर फटके द्या. ब्रॅनवेलला विचारलं, पुरुषाच्या आणि बाईच्या बुद्धीतला फरक कसा ओळखावा? शार्लटला विचारलं, जगातलं सर्वांत चांगलं पुस्तक कोणतं? बायबल. त्याच्या खालोखाल? निसर्गाचं पुस्तक. असं करत थोरल्या मरायापर्यंत. तीस वर्षं उलटल्यावर सत्तरी ओलांडलेला बाप ही सगळी उत्तरं क्रमाने लिहून काढतो आहे. तोवर सहांपैकी एकही मूल जिवंत नव्हतं.

मला या खेळात त्यांचा सगळा स्वभाव दिसतो. त्या काळात, आणि आपल्याकडेही अगदी कालपरवापर्यंत, बाप मुलांना प्रश्न विचारायचा तो पाठांतर तपासायला. सतराच्या पाढ्याचा प्रश्न. इथे बाप मुलांना त्यांचं मत विचारतो आहे, आणि ते सांगताना भीड वाटू नये म्हणून मुखवटाही पुरवतो आहे. वीस-बावीस वर्षांनी या मुली करर, एलिस आणि ॲक्टन बेल या पुरुषी भासणाऱ्या टोपणनावांआडून लिहू लागल्या. टोपणनावाची कल्पना त्यांना या मुखवट्यावरून सुचली, असा माझा दावा नाही. पण झाकलेल्या चेहऱ्याने मन मोकळं करता येतं, हे त्यांनी बापाच्या घरातच अनुभवलं होतं.

त्या घरात पुस्तकांना कुलूप नव्हतं. बायरनच्या कविता कर्मठ घरांत मुलींच्या दृष्टीस पडू देत नसत, त्या इथे उघड्यावर होत्या. वर्तमानपत्रं येत आणि बाप मुलांशी पार्लमेंटातल्या वादांवर बोलत असे. जून १८२६ मध्ये लीड्सहून येताना त्यांनी ब्रॅनवेलसाठी बारा लाकडी शिपाई आणले. मुलांनी एकेक शिपाई उचलला, त्याला नाव दिलं आणि त्यातून अख्खं काल्पनिक राज्य उभं राहिलं. त्या राज्याच्या बखरी, मासिकं, नाटकं काडेपेटीएवढ्या वह्यांत, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत लिहिली गेली. मुलांची लेखनाची खरी शाळा ती. चित्रकलेला मास्तर ठेवले, संगीताला ठेवले. बेताच्या पगारात हे कसं बसवलं असेल, तो हिशेब ज्याने घर चालवलं आहे त्याने करून पाहावा. आणि १८४२ मध्ये शार्लट आणि एमिली फ्रेंच शिकायला ब्रसेल्सला निघाल्या, तेव्हा चौसष्ट वर्षांचा हा बाप त्यांना पोचवायला स्वतः बरोबर गेला. त्याला फ्रेंच येत नव्हतं. म्हणून प्रवासात लागतील ती वाक्यं आणि त्यांचे उच्चार एका छोट्या वहीत स्वतःच्या हाताने लिहून घेतले होते.

आता गावाकडे वळू.

हॉवर्थ म्हणजे हिरव्या टेकडीवरचं टुमदार खेडं असं चित्र आज पर्यटकांमुळे झालं आहे. तेव्हा ते लोकरीच्या धंद्याचं, गर्दीचं, घाणीचं गाव होतं. लोकर विंचरणारे मजूर कोंदट खोल्यांत दिवसरात्र शेगड्या पेटत्या ठेवून काम करत. सांडपाण्याला गटारं नव्हती. दफनभूमी उतारावर होती आणि तिथून झिरपणारं पाणी विहिरींत उतरत होतं. पाळकाचं घर त्या दफनभूमीला लागूनच. पॅट्रिक यांनी १८४९ मध्ये लंडनच्या आरोग्य मंडळाकडे अर्ज केला, की आमच्या गावाची पाहणी करा. त्या वेळी त्यांचं स्वतःचं घर रिकामं होत चाललं होतं. २४ सप्टेंबर १८४८ ला ब्रॅनवेल गेला, १९ डिसेंबरला एमिली, २८ मे १८४९ ला ॲन. आठ महिन्यांत तीन मुलं. आणि त्याच वर्षी हा बहात्तर वर्षांचा माणूस गावाच्या पाण्यासाठी सह्या गोळा करतो आहे.

१८५० मध्ये बेंजामिन हर्शेल बॅबेज पाहणीला आले. गणकयंत्राची कल्पना मांडणाऱ्या चार्ल्स बॅबेज यांचे ते चिरंजीव. त्यांचा अहवाल अंगावर काटा आणतो. हॉवर्थमध्ये मरणाऱ्यांचं सरासरी वय २५.८ वर्षं. जन्मलेल्यांतली ४१ टक्क्यांहून अधिक मुलं सहा वर्षांची व्हायच्या आत मरत. बॅबेज यांनी दफनभूमी बंद करा, गटारं बांधा, डोंगरावरून पाणी आणा, असं सुचवलं. मग ठिकठिकाणी चालतं तेच तिथेही चाललं. सुधारणा आली की पट्टी येणार, म्हणून ज्यांच्या दारात चांगलं पाणी होतं त्यांनी विरोध केला. पॅट्रिक पुन्हा पुन्हा लिहीत राहिले, विलंबाबद्दल मंडळाला जाब विचारत राहिले. पाण्याचा तलाव व्हायला १८५८ उजाडलं. 'पाळकाचा पाण्याशी काय संबंध?' असं कोणी म्हणेल. ज्याला आठवड्यातून दोन-दोन, तीन-तीन वेळा कबरीशी उभं राहून तीच प्रार्थना म्हणावी लागते, त्याचाच संबंध सर्वांत जवळचा.

१८४४ मधलं त्यांचं एक पत्र मला याहूनही मोठं वाटतं. लीड्सच्या वर्तमानपत्राला ते कळवतात की हॉवर्थमधल्या वीसेक वर्षांत कपड्यांना आग लागून भाजून मेलेल्या नव्वद-शंभर मुलांचे अंत्यविधी मी केले आहेत. सुती कपडा भुरुकन पेटतो, लोकर तशी पेटत नाही, म्हणून बायकामुलांनी लोकरीचे किंवा रेशमी कपडे घालावेत. बस, एवढंच पत्र. पण आता गॅस्केलबाईंच्या चरित्रातली ती गोष्ट आठवा. ब्राँटेबाईंचा रेशमी झगा नवऱ्याने म्हणे कात्रीने फाडून टाकला, आणि घरात पडदे लावू देत नसे. झग्याचं बाजूला ठेवू, पडद्यांचं खरं होतं. शेगडी, मेणबत्ती, सहा पोरं आणि आठवणीत नव्वद-शंभर जळालेली लेकरं. ज्याला आपण विक्षिप्तपणा म्हणतो त्याचं कारण दफनविधीच्या नोंदवहीत होतं.

पिस्तुलाचंही तसंच. हॉवर्थच्या आधी, १८१२ मध्ये, ते हार्ट्सहेड गावी असताना यंत्रं फोडणाऱ्या लडाइट कामगारांनी जवळच्या रॉफोल्ड्स गिरणीवर रात्री हल्ला केला. पॅट्रिक त्या हिंसेच्या विरोधात होते आणि तेव्हापासून ते पिस्तूल बाळगत. रात्री भरून ठेवलेलं पिस्तूल सकाळी रिकामं करायचं तर बार उडवावाच लागे. म्हणून सकाळी खिडकीतून बार. यात राग कुठे आला? आणि कामगारांच्या हिंसेला विरोध करणारा हाच माणूस १८३७ मध्ये गरिबांना वर्कहाउसमध्ये डांबणाऱ्या नव्या कायद्याविरुद्ध हॉवर्थच्या सभेचा अध्यक्ष होता. किरकोळ गुन्ह्यांना फाशी देऊ नये, म्हणून तो वर्तमानपत्रांत लिहीत होता. १८३२ मध्ये घराशेजारी संडे स्कूलची इमारत उभी राहिली. तिथे गावातल्या मजुरांच्या पोरांना त्यांच्या मुलींनीही शिकवलं.

साठीच्या पुढे त्यांना मोतीबिंदूने घेरलं. जवळजवळ आंधळे झाले तरी प्रवचन चालू होतं. हाताला धरून पीठावर नेलं की समोर कागद नसताना बोलत आणि घड्याळ न पाहता बरोबर अर्ध्या तासाने थांबत. २५ ऑगस्ट १८४६ ला मँचेस्टरमध्ये विल्सन नावाच्या सर्जनने त्यांच्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया केली. भूल देण्याची सोय अजून व्हायची होती. बाहुली मोठी करण्यासाठी बेलाडोनाचे थेंब टाकले, एवढंच. पंधरा मिनिटं ते हलले नाहीत. शार्लट त्याच खोलीत होती, ते त्यांनीच मागून घेतलं होतं. नंतरचे काही आठवडे डोळ्यांवर पट्टी बांधून काळोख्या खोलीत पडून राहायचं होतं. घरी 'घरगुती वैद्यक' अशा धर्तीचं एक जाड इंग्रजी पुस्तक होतं. त्याच्या समासांत त्यांनी औषधांच्या, दुखण्यांच्या नोंदी बारीक अक्षरात केल्या आहेत. या शस्त्रक्रियेची नोंदही तिथेच आहे. दिवस, वेळ, दुखण्याची जात, सगळं.

मँचेस्टरमधल्या भाड्याच्या घरात, शेजारच्या खोलीत बाप अंधारात पडलेला असताना शार्लटने 'जेन एअर' लिहायला घेतली. तिची आधीची कादंबरी प्रकाशकाकडून परत आली होती, तीही शस्त्रक्रियेच्याच दिवशी. 'जेन एअर'च्या शेवटी आंधळ्या रॉचेस्टरला एका डोळ्याने दिसू लागतं आणि तो आपल्या मुलाला पाहतो. हे वाचताना मँचेस्टर विसरून चालणार नाही.

पुस्तक छापून गाजू लागलं तरी वडिलांना पत्ता नव्हता. मग एका दुपारी शार्लट पुस्तक आणि परीक्षणं घेऊन त्यांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, बाबा, मी एक पुस्तक लिहिलं आहे. त्यांना आधी हस्तलिखित वाटलं. डोळ्यांना त्रास होईल म्हणाले. छापलंय म्हटल्यावर खर्चाची काळजी वाटली. चहाला बाहेर आले ते बाकीच्या दोघींना सांगू लागले, शार्लटने पुस्तक लिहिलंय आणि वाटलं होतं त्याहून पुष्कळ चांगलं आहे.

त्यांच्यात दोष नव्हते असं कोण म्हणेल? सगळी आशा त्यांनी एकुलत्या मुलावर लावली होती. तो दारू आणि अफूच्या अर्काच्या आहारी गेला. त्याने एकदा अंथरूण पेटवून घेतल्यावर म्हातारा बाप त्याला रात्री स्वतःच्या खोलीत निजवू लागला. तो गेला तेव्हा माझा मुलगा, माझा मुलगा म्हणत राहिला, आणि जिवंत मुलींना ते टोचलं. १८५२ मध्ये त्यांचे साहाय्यक आर्थर बेल निकोल्स यांनी शार्लटला मागणी घातली, तेव्हा ते भडकले, निकोल्स यांचा अपमान केला. यात उरलेली एकुलती लेक दुरावण्याची भीती होती. प्रकृतीने नाजूक शार्लट बाळंतपण सोसेल का, ही भीतीही असावी. तरी वागणं चूकच होतं. पुढे त्यांनी संमती दिली, पण २९ जून १८५४ ला लग्नाला गेले नाहीत. शार्लटच्या जुन्या बाईंनी तिचं कन्यादान केलं. नऊ महिन्यांनी, ३१ मार्च १८५५ ला, दिवस गेलेले असताना शार्लट गेली. तीही अडतीस वर्षांचीच होती, आईसारखी.

त्यानंतर सहा वर्षं सासरा आणि जावई त्या घरात एकत्र राहिले. ज्याचा अपमान केला होता त्यानेच शेवटपर्यंत सांभाळलं, आणि याने ते प्रेमाने स्वीकारलं. म्हातारपणी झालेला हा समेट मला त्यांच्या कोणत्याही प्रवचनाहून मोठा वाटतो.

शार्लटविषयी वर्तमानपत्रांत वाटेल ते छापून येऊ लागलं, तेव्हा पॅट्रिक यांनीच गॅस्केलबाईंना चरित्र लिहायची विनंती केली. १८५७ मध्ये ते आलं. उत्तम चरित्र आहे, यात शंका नाही. पण नायिकेची घुसमट दाखवायला कोणीतरी कठोर लागतो, आणि तो बाप झाला. कामावरून काढलेल्या एका परिचारिकेच्या सांगण्यावरून मटण, झगा अशा गोष्टी त्यात शिरल्या. ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याने काय करावं? त्याने आधी पुस्तकाची मनापासून स्तुती केली. मग शांतपणे कळवलं की काही गोष्टी खऱ्या नाहीत, तेवढ्या काढा. जुन्या मोलकरणींवर उधळेपणाचा ठपका आला होता, त्यांना त्याने सचोटीचं प्रमाणपत्र लिहून दिलं. स्वतःविषयी एवढंच म्हणाला, की मी थोडा विक्षिप्त आहे हे नाकारत नाही, पण चारचौघांसारखा असतो तर मला अशी मुलं झाली नसती. तिसऱ्या आवृत्तीत त्या गोष्टी गाळल्या गेल्या, पण लोकांच्या तोंडून गेल्या नाहीत. कॉलेजच्या नोट्सपर्यंत त्या पोचल्या.

त्यांचं शेवटचं प्रवचन १८५९ च्या शरदातलं. ७ जून १८६१ ला वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी ते गेले. बायको, सहाही मुलं, मेहुणी, सगळ्यांच्या मागे एकटे उरलेले. निकोल्स यांना ती जागा द्यायचं विश्वस्तांनी नाकारलं. घरातलं सामान लिलावात गेलं आणि ते कागदपत्रं घेऊन आयर्लंडला परतले. १९२८ पासून ते घर संग्रहालय आहे. समासात नोंदी केलेलं वैद्यकाचं पुस्तक आज तिथे आहे.

शेवटी एक विनंती करतो आणि थांबतो. पॅट्रिक ब्राँटे यांची बाजू आज मांडता आली, कारण त्यांची पत्रं, अर्जांच्या हकिकती, वर्तमानपत्रांतली कात्रणं आणि समासातल्या नोंदी कोणीतरी राखल्या. आपल्या गावांतही असे पाळक, कीर्तनकार, मौलवी, शाळामास्तर होऊन गेले. त्यांनी पाण्यासाठी, शाळेसाठी, स्मशानाच्या वाटेसाठी नगरपालिकेकडे अर्ज केले. त्या अर्जांच्या नकला, त्यांच्या डायऱ्या, खर्चाच्या वह्या तुमच्यापैकी कोणाच्या घरी ट्रंकेत पडून असतील. घर बदलताना त्या रद्दीत घालू नका. आणून ग्रंथालयात द्या. नावं, सालं आणि नातं एका कागदावर लिहून सोबत जोडा.